दादाची सही, आईचा नकार

पत्र

"माझी आई ६३ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. गेले अडीच महिने तिने अंथरूण धरलंय. जेवण जवळजवळ बंद आहे, वजन खूप उतरलंय. 'माझं पोट बंद झालंय, घातलेलं खाली उतरतच नाही,' असं म्हणते. गोळ्या बदलून झाल्या. दादाने तिला पुण्याला नेऊन एका खासगी हॉस्पिटलात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, शॉक द्यावे लागतील, सहा ते आठ. दादाने सगळ्या कागदांवर सह्या केल्यात आणि आईला सांगितलंय की सोमवारी मेंदूचा स्कॅन आहे. १९९३ साली, माझ्या वेळच्या बाळंतपणानंतर, आईला असेच शॉक दिले होते. चार जणांनी दाबून धरलं होतं, हे ती अजून सांगते. परवा फोनवर म्हणाली, 'ते शॉक देऊ नका मला.' दादा म्हणतो, आजारी माणसाचं काय ऐकायचं, आणि तू कराडला बसून बोलतेस. मी आडवी आले आणि आईचं काही बरंवाईट झालं तर? दादाची सही पुरते का? आईला नाही म्हणता येतं का? शॉकऐवजी ते चुंबकाचं मशीन चालणार नाही का? आणि तिची स्मरणशक्ती जाईल का?"

कराडहून एक मुलगी

उत्तर

सोमवारच्या आत तुमच्या हाती पडावं म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला मेलने पाठवलं. इथे देतेय ते तुमच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून. मी वकील आहे, डॉक्टर नाही. आईला शॉक द्यावेत की देऊ नयेत, यावर मी बोलणार नाही. ते कुणी ठरवायचं आणि कसं ठरवायचं, एवढंच सांगते.

आईला हा निर्णय घेता येत असेल, तर दादाची सही पुरत नाही. घेता येत नसेल, तर कायद्यात दादाच्या सहीला जागा आहे, पण ती जागा तो समजतोय तेवढी मोठी नाही. आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी 'स्कॅन आहे' हे सांगणं चूक आहे. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

दादाने सही केलेलं संमतीपत्र तुम्ही पाहिलंय का? बहुतेक ठिकाणी असतं तसं असेल तर दोन पानं, बारीक टाइप, सगळं इंग्रजीत, आणि तळाशी एक चौकट: 'रुग्ण / नातेवाईक'. मधली ती तिरपी रेघ आपल्याकडे फार मोठं काम करते. पेन पुढे होतं ते खाटेशेजारी उभ्या असलेल्या मुलापुढे, खाटेवरच्या बाईपुढे कुणी करत नाही. मुलगाही बिलावर करावी तशी त्यावर सही करून मोकळा होतो. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणून तर ही पद्धत इतकी वर्षं टिकली आहे.

पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निकालात या तिरप्या रेघेचा चांगला समाचार घेतलाय. प्रकरण मनोविकाराचं नव्हतं. दिल्लीतल्या एका बाईने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांच्या सहायकाने बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजकोश काढून टाकले गेले. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, तिला स्वतःला निर्णय घेता येतो, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. तेव्हा आईची सही चालत नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. दादाला कायद्याची पुस्तकं दाखवायची गरज नाही, एवढी एक गोष्ट सांगा.

मनोविकारांच्या बाबतीत तर आता स्वतंत्र कायदाच आहे: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. संमती कशाला म्हणायची हे त्यात लिहून ठेवलंय. ती एका ठरावीक उपचारासाठी हवी. जबरदस्ती, धाक, फसवणूक, दिशाभूल यांपैकी काही नको. उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय पेशंटला कळेल अशा भाषेत आणि कळेल अशा रीतीने सांगितलेले हवेत. आता 'सोमवारी स्कॅन आहे' हे यातल्या कुठल्या अटीत बसतं, तुम्हीच पाहा.

तुम्ही पहिल्यांदा काय विचारायचं? आईला कोणत्या कलमाखाली दाखल केलंय. हा आगाऊपणा नव्हे. कलम २२ प्रमाणे ही माहिती पेशंटला आणि त्याच्या प्रतिनिधीला, म्हणजे कायद्याने त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, द्यायलाच लागते. सोबत आजार काय आहे, कोणता उपचार ठरवलाय, त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते आणि मंडळाकडे दाद मागता येते, हेही सांगायला लागतं. मंडळाचं पुढे सांगते.

उत्तर दोनपैकी एक येईल. कलम ८६ म्हणजे आई स्वतःच्या इच्छेने दाखल झाली आहे. तसं असेल तर विषय संपला: तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय तिला कोणताही उपचार देता येत नाही. शॉक तर दूरच. कलम ८९ म्हणजे तिला निर्णयात भरपूर आधार लागतो म्हणून प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलंय. तुमच्या वर्णनावरून हेच असावं. पण ८९ची वाट सोपी ठेवलेली नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा या क्षेत्रातला तज्ज्ञ, अशा दोघांनी तिला वेगवेगळं तपासलेलं हवं. पेशंट बाई असेल तर हॉस्पिटलने तीन दिवसांच्या आत मंडळाला कळवायला हवं. असं दाखल करणं जास्तीत जास्त तीस दिवस चालतं. आणि आईला निर्णयासाठी जवळजवळ शंभर टक्के आधार लागत असेल तरच प्रतिनिधी तिच्या वतीने तात्पुरती संमती देऊ शकतो. तात्पुरती हा शब्द कायद्यातलाच आहे. दर सात दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहायचं, की आता तिचं तिला ठरवता येतंय का. म्हणजे दादाने पहिल्या दिवशी केलेली सही आठव्या शॉकपर्यंत आपोआप चालत नाही.

दोन्हीपैकी कोणतंच कलम कागदावर नसेल आणि 'फॅमिलीने अॅडमिट केलंय' एवढंच उत्तर मिळालं, तर मला लगेच कळवा.

आता प्रतिनिधीचं. आईने कुणाचं नाव लिहून दिलेलं नसेल तर नातेवाईक हा प्रतिनिधी होतो. कायदा 'नातेवाईक' म्हणतो, 'थोरला मुलगा' म्हणत नाही. तुम्ही कराडला असलात तरी नात्याने दादाइतक्याच जवळच्या आहात. शिवाय आईला आजही एका साध्या कागदावर 'माझी प्रतिनिधी माझी मुलगी' किंवा 'माझा मुलगा' असं लिहून सही किंवा अंगठा करता येतो. प्रतिनिधीची लेखी तयारी त्याला जोडायची. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. तिने दादाचं नाव लिहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याचं नाव असेल त्याच्यावर कायद्याने काम टाकलंय: आईची आत्ताची इच्छा, पूर्वीची इच्छा, तिचं आयुष्य कसं गेलं, तिला काय महत्त्वाचं वाटतं, हे सगळं लक्षात घेऊन तिच्या हिताचं बघायचं, आणि तिला जेवढं कळतंय तेवढ्यापुरतं तिच्या म्हणण्याला विशेष वजन द्यायचं. 'आजारी माणसाचं काय ऐकायचं' असं म्हणणाऱ्याला हे काम जमणार नाही. दादाला ते जमेल असं मला वाटतं, कारण आईला घेऊन धावला तोच आहे. तो घाबरलाय. घाबरलेला माणूस आधी सही करतो.

आणि आता खरा अवघड भाग. आईचा 'नको' हा आईचा आहे, की आजाराचा?

कायद्याचं सुरुवातीचं गृहीत आईच्या बाजूने आहे. मनोविकार आहे म्हणून निर्णयक्षमता गेली, असं धरता येत नाही. घेतलेला निर्णय बाकीच्यांना चुकीचा वाटतो म्हणूनही ती गेली असं म्हणता येत नाही. कलम ४ मध्ये हे सरळ लिहिलंय. पाहायचं ते एवढंच, की तिला दिलेली माहिती समजते का, हो किंवा नाही म्हटल्यावर काय होईल याचा अंदाज येतो का, आणि आपलं मत ती कशीतरी सांगू शकते का. बोलून, खुणेने, लिहून, कसंही. आणि हे त्या एका निर्णयापुरतं, त्या वेळेपुरतं पाहायचं.

तुमच्या पत्रात आईची दोन वाक्यं आहेत. एक, 'ते शॉक देऊ नका मला', त्यामागे १९९३ची आठवण. दुसरं, 'माझं पोट बंद झालंय, घातलेलं खाली उतरतच नाही'. पहिल्यामागचं कारण खरं आहे. ते तिने सोसलंय, आणि त्यावरून नको म्हणणं शहाणपणाचंच आहे. दुसरं आजारातून आलेलं आहे, पोट काही बंद झालेलं नाही. गंभीर नैराश्यात माणसाला असं ठामपणे वाटू शकतं, आणि मग 'उपचार करून काय होणार, आत काही उरलंच नाही' हा त्याचा पुढचा टप्पा. दोन्ही वाक्यं एकाच बाईची, एकाच आठवड्यातली. त्यामुळे 'आईला समजतं' किंवा 'आईला समजत नाही' असा एका शब्दाचा निकाल फोनवरून तुम्हीही देऊ नका, दादानेही देऊ नये. तिला विचारायला हवं की नको ते का, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायला हवं. ती चार माणसांबद्दल बोलली तर एक अर्थ. बंद पोटाबद्दल बोलली तर दुसरा.

कधी विचारायचं, यालाही महत्त्व आहे. अशा नैराश्यात अनेकांची सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी जरा उजळतं. राउंड मात्र सकाळचा असतो! डॉक्टरांना विनंती करा की हे बोलणं संध्याकाळी, घाई नसताना करूया. चष्मा डोळ्यावर हवा. कमी ऐकू येत असेल तर कानाचं यंत्र हवं. मराठीत बोलायचं, थोडं थोडं सांगायचं आणि मग म्हणायचं, 'आता तुम्हाला काय कळलं ते मला सांगा.' तिने स्वतःच्या शब्दांत परत सांगितलं तर कळलंय. तुम्ही शिक्षिकेच्या घरातल्या, ही परीक्षा घ्यायची कशी हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काय सांगायचं, ते डॉक्टर सांगतील. पण आधी तुम्हाला आणि दादाला माहीत असलेलं बरं, कारण आईच्या डोक्यात जे चित्र आहे ते आजच्या उपचाराचं नाही. चार जणांनी दाबून धरून, जाग असताना दिलेला तो प्रकार आता या देशात बेकायदा आहे. कलम ९५ म्हणतं, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येणार नाही. त्याच कलमात पेशंटला साखळीने बांधायलाही बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही शॉक देता येत नाहीत. पालकांची संमती आणि मंडळाची आधी घेतलेली परवानगी असेल तरच. हे दुसऱ्या वाचकांसाठी, तुमचा संबंध नाही.

आज ईसीटी, म्हणजे हेच शॉक, देताना काय होतं? आदल्या रात्रीपासून उपाशी. कवळी काढून ठेवायची. भूलतज्ज्ञ हजर. शिरेतून भूल, पेशंट झोपला की स्नायू सैल करणारं औषध. त्याच्या आधी घोट्यावर बीपी मोजतात तसा पट्टा फुगवून घट्ट बांधतात, म्हणजे ते औषध त्या एका पावलात उतरत नाही. मग दातांमध्ये रबर, तोंडावर ऑक्सिजन, आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद करंट. सगळं शरीर शांत पडलेलं असतं आणि तेवढं एक पाऊल हलत राहतं, साधारण अर्धा ते एक मिनिट. करंटने आणायची ती आकडी आली आणि थांबली हे डॉक्टरांना त्यावरून आणि मेंदूच्या आलेखावरून कळतं. पाच-दहा मिनिटांत पेशंट जागा होऊ लागतो, थोडा गोंधळलेला, डोकं दुखत असलेला. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एकूण साधारण सहा ते बारा.

हे एवढं बारकाईने सांगितलं कारण आईच्या नकाराला खरा अर्थ तेव्हाच येईल जेव्हा तिला माहीत असेल की ती कशाला नकार देतेय. ती कदाचित १९९३ला नकार देतेय. ते तर कायद्यानेच नाकारलंय. सगळं ऐकून, समजून, तरीही ती 'नको' म्हणाली, तर तो नकार पूर्ण आहे आणि तिथे थांबायचं. डॉक्टरांना मग दुसरा मार्ग शोधावा लागेल. औषधांची वेगळी जोडणी असते, हळू का होईना. उलट ती 'हो' म्हणाली तर सही तिची घ्या, दादाची खाली साक्षीदार म्हणून. किती शॉक, कोणत्या बाजूला, हे त्या कागदावर लिहून घ्या. आणि हो म्हणाली तरी मधेच नको म्हणता येतं, हे तिला माहीत हवं. दर वेळी टेबलावर घेण्याआधी तोंडी विचारा, असं मी प्रत्येक घरातल्यांना सांगते. त्याला दहा सेकंद लागतात.

समजा तिला ठरवताच येत नाहीये, असं दोन्ही डॉक्टरांनी तपासून लिहिलं. मग ८९खाली दादा किंवा तुम्ही संमती द्यायची वेळ येईल. तेव्हाही तिला खरं सांगायचं. निर्णय तिचा नसला तरी शरीर तिचं आहे. 'आई, डॉक्टर शॉक द्यायचं म्हणतायत. तुला भूल देतील, कुणी धरणार नाही, मी बाहेर बसलेली असेन.' यातलं शेवटचं वाक्य खरं ठरेल अशी रजा टाका. स्कॅन म्हणून नेलं आणि तिला नंतर कळलं, तर पुढची गोळी ती कुणाच्या हातून घेणार? या आजारात बरं झाल्यावरही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर काही महिन्यांत आजार उलटायची भीती असते. एका सकाळच्या सोयीसाठी तो विश्वास खर्च करू नका, हे दादाला माझ्या नावाने सांगा हवं तर.

'इमर्जन्सी आहे, वेळ नाही' असं कुणी म्हणालं तर दोन गोष्टी वेगळ्या करा. आई पाणीही घेईना तर सलाईन, नळीने अन्न, रक्ततपासण्या या तातडीच्या गोष्टी आहेत आणि त्यांना कायदा आडवा येत नाही. जीव धोक्यात असेल तर प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देता येतात. पण त्याच कलमात, ९४ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की तातडीचा उपचार म्हणून शॉक देता येणार नाही. या एका वाक्यावर मानसोपचारतज्ज्ञांमध्ये बरीच नाराजी आहे, कारण अन्नपाणी सोडलेल्या पेशंटवर ईसीटीइतकं लवकर दुसरं काही लागू पडत नाही असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं मला समजतं. तरी वाक्य कायद्यात आहे तोवर आहे.

चुंबकाचं मशीन म्हणजे आरटीएमएस. त्यात भूल नाही, आकडी आणायची नसते, खुर्चीत बसायचं, डोक्याजवळ कॉइल टकटक करत राहते. अमेरिकेत २००८ पासून नैराश्यासाठी त्याला मान्यता आहे. आपल्या कायद्यात त्याचं नावही नाही, पण म्हणून मोकळं रान नाही. संमतीची व्याख्या प्रत्येक उपचाराला लागू आहे. पेसमेकर, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, कवटीत धातूची क्लिप असेल तर आधी सांगायचं. क्वचित आकडी येऊ शकते, त्यामुळे 'साइड इफेक्ट शून्य' असं ज्या जाहिरातीत लिहिलंय तिच्यापासून जरा जपूनच. पण तुमच्यापुढची अडचण दुसरी आहे. ते आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावं लागतं, आणि अन्न सोडलेल्या, भ्रम असलेल्या नैराश्यात ईसीटीची जागा ते सहसा घेऊ शकत नाही. तरीही डॉक्टरांना विचारा: हे का नको, ते का हवं? पर्याय सांगणं हा संमतीचाच भाग आहे, तेव्हा या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर असेल तर तो माझ्या मते वेगळ्या अर्थाने माहिती देऊन गेला. मेंदूवरची शस्त्रक्रिया हा आणखी पुढचा विषय. तिला पेशंटची स्वतःची संमती आणि वर मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात, आणि तिथे नातेवाइकाच्या सहीने काम भागत नाही.

स्मरणशक्तीबद्दल तुम्हाला कुणी 'काही होत नाही हो' म्हणालं तर विश्वास ठेवू नका, आणि 'सगळं पुसलं जातं' म्हणालं तरीही नको. उपचार चालू असतानाच्या दिवसांचं आणि त्याआधीच्या काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं, बरंच आठवत नाही. नवीन गोष्टी लक्षात ठेवणं उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचं सुधारतं. काहींच्या आयुष्यातल्या काही आठवणी मात्र कायमच्या जातात. आईने हे मोजून मग ठरवायला हवं. तिच्यासाठी बाबांच्या शेवटच्या दिवसांची आठवण किती मोलाची आहे, हे डॉक्टरांना कसं कळणार? विचारा की इलेक्ट्रोड एकाच बाजूला, उजवीकडे, लावता येतील का. त्यात आठवणींना कमी धक्का लागतो. शॉकच्या आधी स्मरणशक्तीची छोटी चाचणी करून लिहून ठेवायला सांगा, म्हणजे नंतर ताडता येईल. एटीएमचा पिन, पेन्शनच्या खात्याचं पासबुक, लॉकरची किल्ली कुठे आहे, हे आईने आत्ताच कुणाला तरी सांगून ठेवलेलं बरं. आणि उपचाराच्या दिवसांत तिच्या नावाने कुठल्याही जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर सही नको. हे दादालाही सांगा आणि तुम्हीही पाळा.

अडलंच तर कुठे जायचं? मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. त्यावर जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती अध्यक्ष असते, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, डॉक्टर असतात, आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की स्वतः हा आजार काढलेल्यांना किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही तिथे जागा ठेवली आहे. एका मंडळाकडे काही वेळा अनेक जिल्हे असतात; तुमचं कुठलं, ते हॉस्पिटलनेच सांगायचं. वकिलाला पैसे द्यायची गरज नाही, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात फुकट मदत मिळते. हॉस्पिटलात कायदा मोडल्याबद्दल पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हे वाक्य काउंटरवर जाऊन आपटू नका. तुम्हाला खटला जिंकायचा नाहीये, आईशी कुणीतरी पाच मिनिटं बसून बोलायला हवंय. मी पाहिलंय, 'डॉक्टर, आईला अजून माहीत नाही, तुम्ही तिला सांगाल का?' एवढ्यावर बहुतेक डॉक्टर खुर्ची ओढून बसतात. अनेकदा पेशंटला सांगितलेलं नाही, हेच घरच्यांनी त्यांच्यापासून लपवलेलं असतं. तुमच्याकडे तसंच झालं नसेल कशावरून? रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस, १४४१६. मराठीत बोलता येतं.

तुम्ही आडवं येण्याबद्दल विचारलंत. तुम्ही उपचार थांबवा म्हणत नाही आहात, आईला विचारा म्हणताय. एक संध्याकाळ लागेल त्याला. फार तर सोमवारचा बुधवार होईल. सलाईन चालू असताना दोन दिवस थांबता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारा. येत असेल तर थांबा. फोनवरून मात्र यातलं काहीही होणार नाही. शनिवारी निघा आणि दादाशी आधी खाली चहाच्या टपरीवर बोला, आईच्या खाटेपाशी नको.

राहिलं एक काम, ते आई बरी झाल्यावरचं. याच कायद्यात आगाऊ निर्देशाची सोय आहे. पुढे कधी मला ठरवता येईनासं झालं, तर कोणते उपचार चालतील, कोणते चालणार नाहीत आणि माझ्या वतीने कोण बोलेल, हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवतो. त्यात 'शॉक नको' लिहिता येतं. 'भूल देऊन, एका बाजूने, आधी मला सांगून, सहाच्या वर नाही' असंही लिहिता येतं. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, आणि डॉक्टरांना किंवा घरच्यांना पटला नाही तर मंडळाकडे जाऊन बदलून मागावा लागतो. परस्पर बाजूला सारता येत नाही. आईचं मत बदललं तर ती तो केव्हाही बदलू शकते. मंडळाकडे नोंदवून घ्या आणि प्रती काढा: एक डॉक्टरांच्या फायलीत, एक तुमच्याकडे, एक दादाकडे. डॉक्टरांना प्रत मिळालीच नसेल तर ते पाळलं नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही, तेव्हा ती पोचवणं तुमच्याकडे लागलं.